'द पॅसेंजर'च्या शेवटी बायको खोटं बोलते का?

प्रश्न : अँटोनिओनीचा 'द पॅसेंजर' (1975) बघितला, जॅक निकल्सनवाला. शेवटी कॅमेरा खिडकीतून बाहेर जाऊन फिरून येतो तोवर हिरो खलास. मारलं कुणी? बायको सरळ ओळख नाकारते, एवढी कठोर का? आणि खिडकीला गज असताना कॅमेरा बाहेर गेलाच कसा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मारणारे, ज्याच्याविरुद्ध बंड चालू आहे त्या आफ्रिकन सरकारचे लोक. हिरो लॉक हा पत्रकार, वाळवंटातल्या हॉटेलात शेजारचा रॉबर्टसन अचानक मरतो आणि हा स्वतःच्या आयुष्याला इतका विटलेला की पासपोर्टवरचे फोटो बदलून आपणच रॉबर्टसन होतो, मेला तो लॉक असं सगळ्यांना वाटू देतो. पण रॉबर्टसन निघतो बंडखोरांना शस्त्रं पुरवणारा, त्यामुळे नाव घेतलं तसे त्याचे वैरीही मागे लागले.

आता बायको. मला तरी ती कठोर वाटत नाही हो. पोलीस काय विचारतात ते परत ऐका, हा डेव्हिड रॉबर्टसन आहे का, ओळखता का? रेचल म्हणते मी याला कधी ओळखलंच नाही. रॉबर्टसनबद्दल हे शब्दशः खरं आहे, आणि ज्या नवऱ्याला शोधत ती स्पेनपर्यंत आली त्याच्याबद्दल तर त्याहून खरं, इतकी वर्षं संसार करूनही! मग तोच प्रश्न लॉकसोबत फिरणाऱ्या त्या मुलीला, ती फक्त 'हो' म्हणते. तिची ओळख थोड्या दिवसांची, पण त्याने नाव बदललंय हे तिला ठाऊक होतं आणि तरी ती सोबत राहिली, म्हणून तिथे 'हो' म्हणायचा हक्क मला तिचाच वाटतो.

आणि मरण दाखवलं नाही ते बरोबरच केलं. जवळपास सात मिनिटांचा एकच शॉट आहे, बाहेर चौकात ड्रायव्हिंग स्कूलची गाडी फिरतेय, पोरगं खेळतंय, म्हातारा बसलाय, जगाला याच्याशी काही घेणंदेणं नाही. लॉकला स्वतःतून सुटून जायचं होतं ते त्याला जमलं नाही, कॅमेरा मात्र सुटतो.

गजांचं म्हणाल तर कॅमेरा आत छताला लावलेल्या रुळावर होता, गज फ्रेमबाहेर गेले की बिजागरीवर बाजूला उघडायचे, मग बाहेरच्या क्रेनने कॅमेरा उचलून घेतला, आणि हिसके बसू नयेत म्हणून जायरोस्कोप. कॅमेरामन लुचियानो तोवोली. गोष्टीत गाव ओसुना आहे पण शूटिंग झालं वेरा नावाच्या गावात, अल्मेरियाकडे.