संध्याकाळच्या वहीत काय लिहायचं?

प्रश्न : ताई नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातली, वय ३६. तीन वर्षं झाली घरातूनच कांदा लसूण मसाला करून विकते. रोज पहाटे पाचला उठून मोबाईलवर यशस्वी लोकांचे व्हिडिओ ऐकते, डायरीत 'मी करू शकते', 'आजचा दिवस माझा आहे' असं लिहिते, तेवढ्यापुरतं खूप बरं वाटतं पण महिनाअखेरीला हातात काहीच नसतं. मसाला ५०० रुपये किलोने देते, मिरची, खोबरं, धणे, तेल, डंकावरची कुटणावळ, पाकीट सगळं धरून ४०० पडतात, मग १०० सुटायला पाहिजेत ना, ते जातात कुठं? दोन दुकानदारांकडे तीन महिन्यांचे पैसे अडकलेत. घरचे म्हणतात बंद कर. माझ्यातच काही कमी आहे का?

उत्तर : नाही हो, तुमच्यात काहीही कमी नाहीये. पहाटे उठून लिहायची सवय तुम्ही तीन वर्षं टिकवली, ती साधी गोष्ट नाही, फक्त त्या वहीत तुमचा मसाला कुठेच नाही. मिरची नाही, उधारी नाही, तुमचे तास नाहीत. म्हणून माझं म्हणणं, वही तीच ठेवा पण लिहायची वेळ संध्याकाळची करा आणि दिवसभरात खरंच जे झालं ते लिहा.

तुम्ही पत्रात पुढे जे सविस्तर लिहिलंय त्यावरून मी एका घाण्याचा हिशोब मांडला. १० किलो मसाला केला, खर्च ४,००० झाला. त्यातला अर्धा किलो 'चव बघा' म्हणून जावेला, शेजारी, भिशीतल्या बायकांना गेला. राहिला साडेनऊ किलो, त्याचे आले ४,७५०. पोचवायला पेट्रोल १५०. हातात राहिले ६००. आता देठं काढणं, मिरचीला ऊन दाखवणं, कांदा तळणं, खोबरं भाजणं, डंकावर नंबर लावून बसणं, पाकिटं भरणं हे सगळं मिळून १४ तास होतात असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे तासाला जेमतेम ४३ रुपये, आणि तेही दुकानदाराने दिले तर! तुमच्या ४०० रुपयांच्या खर्चात तुमची स्वतःची मजुरी कुठेच धरलेली नाही. उद्या ताप आला आणि बाई लावावी लागली तर तिला मजुरी द्याल ना, मग तीच मजुरी आजपासून खर्चात धरा आणि भाव नव्याने काढा. अजून एक, वर्षाची ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची तुम्ही उन्हाळ्यातच भरून ठेवत असाल तर बराचसा पैसा पोत्यात बसलेला असतो, तो बुडालेला नाही पण दिसत पण नाही. महिन्यातून एकदा पोती मोजून शिल्लक माल वहीत लिहा.

आता खरी गोष्ट. तुमच्या पत्रात 'मागायला बरं वाटत नाही' हे वाक्य तीन वेळा आलंय. आपल्याकडे म्हणतात, भीड भिकेची बहीण. मी स्वतः पुण्यात नऊ वर्षं पोळीभाजीचे डबे दिले, एका ऑफिसचे २२ डबे जायचे, चार महिने बिल आलं नाही आणि मी रोज तिथे जाऊन हसून डबे ठेवून यायचे. विचारायचं धाडसच व्हायचं नाही, वाटायचं ऑर्डर जाईल. शेवटी एका रात्री वहीत लिहिलं, 'आज पण विचारलं नाही.' दुसऱ्या दिवशी तेच. सलग आठ दिवस तीच ओळ माझ्याच अक्षरात बघितल्यावर नवव्या दिवशी बिल घेऊन आत गेले. सगळे पैसे नाही मिळाले, निम्मे बुडाले, पण त्यानंतर मी १५ दिवसांच्या पुढे उधारी ठेवली नाही. म्हणून तुम्हालाही सांगते, रोज एक ओळ याच्यासाठी ठेवा की आज कुठे बोलायला हवं होतं आणि मी गप्प बसले.

त्या दोन दुकानदारांकडच्या पुढच्या उधारीसाठी कायदा पण तुमच्या बाजूने आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केली नसेल तर करून टाका, ऑनलाइन होते, फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग कायद्यात सूक्ष्म आणि लघू उत्पादकाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचेत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं. जुन्या थकबाकीवर लगेच कायदा दाखवायला जाऊ नका, पण पुढच्या बिलावर उद्यम क्रमांक आणि पैसे द्यायची तारीख छापा, आणि माल देताना ती तारीख तोंडाने पण सांगा.

व्हिडिओतल्या मोठमोठ्या गोष्टींशी स्वतःची तुलना करून मन खचत असेल तर लिज्जत पापड आठवा. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली, पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. चारच. आणि देणगी घ्यायची नाही हे त्यांनी ठरवलेलं, म्हणजे पापडाच्या किमतीतूनच सगळ्यांची मजुरी निघायला हवी होती. तुमच्या मसाल्याला पण तोच नियम लावा ना.

प्रश्न : मी २४ वर्षांचा, नाशिकला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान टाकलंय. डायरी लिहायची ठरवतो आणि आठवड्यात तुटते. काय करू?

उत्तर : अरे, घरी जाऊन लिहू नकोस. गल्ला मोजून झाला की शटर ओढायच्या आधी उभ्या उभ्या तीन ओळी लिही : आज किती आले, कोणतं काम परत आलं आणि का, उद्या सकाळी पहिलं काय. परत आलेल्या कामाची ओळ सगळ्यात महत्त्वाची, महिन्याने तुला कळेल की कुठला पार्ट हलका लागतोय किंवा कुठे तुझा हात घाईत चालतोय. एखादा दिवस चुकला तर मागचं भरत बसू नको, त्या दिवसाचं पान कोरं सोड आणि पुढच्या पानावर आजची तारीख टाक.