पोकळ शाफ्ट भरीव शाफ्टाइतका टिकेल का?

प्रश्न : कराडजवळ आमचं गुऱ्हाळ आहे. १० हॉर्सपॉवरची मोटर पट्ट्यावरून मधला शाफ्ट फिरवते आणि तिथून गिअरवर चरक चालतो. मधल्या शाफ्टाचे मिनिटाला १५० फेरे होतात. हा ५० मिलिमीटरचा भरीव शाफ्ट ऐन हंगामात पुलीपाशी तुटला. लेथवाले म्हणतात, तेवढ्याच वजनाचा ६० मिलिमीटरचा पोकळ टाका, ताकद वाढेल. वडील म्हणतात, पोकळ ते पोकळच. कोणाचं ऐकू? तुटलेलं तोंड सपाट आहे, आणि चावीच्या (पुली शाफ्टावर पक्की बसवणाऱ्या लोखंडी पट्टीच्या) खाचेच्या कोपऱ्यापासून शिंपल्यावर असतात तशा रेषा दिसतात.

उत्तर : शेवटच्या वाक्यासाठी तुमचे आभार. बहुतेक लोक तुटलेला तुकडा न बघताच भंगारात टाकतात.

आधी लेथवाल्यांचं. त्यांचं म्हणणं खरं आहे. पॉलिटेक्निकात शिकवत असताना मी माइल्ड स्टीलच्या सळईवर खडूने एक सरळ रेघ मारायचो आणि सळई पिळायच्या मशीनला लावायचो. बघता बघता ती रेघ वेलीसारखी सळईभोवती गुंडाळली जायची, आणि सळई तुटेपर्यंत तिचे कित्येक वेढे झालेले असायचे. मुलं मोजत बसायची. त्यात दिसायचं ते हे, की पिळताना कडेचा धातू सगळ्यात जास्त सरकतो. जसजसं आत जावं तसा ताण कमी होतो, आणि बरोबर मध्यावर तो शून्य असतो. म्हणून ५० च्या शाफ्टात मधून २५ चं भोक पाडलं, तर वजन पाव हिश्शाने घटतं, पण पिळाची ताकद फक्त सोळाव्या हिश्शाने. तेवढंच लोखंड बाहेर पसरवून ६० व्यासाची नळी केली, तर आतलं भोक साधारण ३३ चं येतं, ताकद दीडपटीहून थोडी जास्त होते आणि पीळ जवळजवळ निम्म्यावर येतो. ट्रकचा प्रोपेलर शाफ्ट पोकळ असतो तो याच कारणाने.

पण तुमचा शाफ्ट ताकद कमी पडून तुटलेला नाही. हिशोब करून बघू. १० हॉर्सपॉवर आणि १५० फेरे म्हणजे पिळाचा जोर साधारण ४७५ न्यूटन-मीटर. त्याने ५० च्या शाफ्टाच्या कडेला ताण येतो जेमतेम १९ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. साधं माइल्ड स्टीलसुद्धा याच्या कितीतरी पट सोसतं. एक मीटर लांबीत शाफ्ट पिळतो तो साधारण अर्धा अंश.

मग तुटला कसा? शिंपल्याच्या रेषा म्हणजे चीर दिवसेंदिवस थोडी थोडी पुढे सरकत होती. ती निघाली खाचेच्या टोकदार कोपऱ्यातून. जी कड सगळा भार उचलते, तिलाच तिथे काप दिलेला आहे. आणि तोंड सपाट आहे, हेही बोलकं आहे. नुसत्या पिळाने थकलेल्या शाफ्टात चीर बहुधा ४५ अंशांत तिरकी पळते. खडू दोन्ही हातांनी पिळून मोडा, तसाच तिरका मोडेल. सपाट तोंड सांगतं की पट्ट्याच्या ओढीने शाफ्ट वाकत होता, आणि फिरताना प्रत्येक फेऱ्याला तीच जागा एकदा ताणली जायची, एकदा दाबली जायची. मिनिटाला १५० वेळा, अख्खा हंगाम.

आता तुकड्यावर शेवटी एकदम तुटलेला खरबरीत भाग किती मोठा आहे ते बघा. तो छोटा असेल, तर भार मुळात कमीच होता याची खात्री पटेल.

माझं मत : भरीव ५० चाच ठेवा. ६० ची नळी घेतली तर बेअरिंग आणि पुलीचं भोक दोन्ही बदलावं लागेल. शिवाय ६० च्या शाफ्टाला चावीची खाच ७ मिलिमीटर खोल लागते; नळीची भिंत १३ ची, म्हणजे खाचेखाली उरणार ६. पाण्याचा पाइप तर कोणी सुचवला तरी मुळीच लावू नका. नवा शाफ्ट ईएन-८ चा, म्हणजे मध्यम कार्बनच्या पोलादाचा घ्या. खाचेच्या तळाच्या दोन्ही कोपऱ्यांना अर्ध्या मिलिमीटरची गोलाई द्यायला लेथवाल्यांना सांगा आणि पैसे देण्याआधी नख फिरवून बघा. पुली सरकवून बेअरिंगच्या जितकी जवळ आणता येईल तितकी आणा. पट्टा घसरणार नाही एवढाच ताणा, त्याहून जास्त नको. आणि जुना तुकडा वडिलांना उन्हात धरून दाखवा. त्या रेषा उन्हात चांगल्या दिसतात.