‘शाळेबाहेरची बाब’ म्हणून चालणार नाही

प्रश्न : माझी मुलगी कोल्हापुरातील एका शाळेत आठवीत शिकते. शहरातल्याच दुसऱ्या शाळेतली मुलगी असल्याचे भासवून कोणीतरी इन्स्टाग्रामवर तिच्याशी ओळख वाढवली आणि तिचा युनिफॉर्ममधला फोटो मागून घेतला. आता त्यावरून अश्लील चित्र बनवून ते वर्गात सर्वांना पाठवण्याची धमकी येत आहे. जेवताना ती फोन ताटाशेजारी पालथा ठेवायची आणि तो थरथरला की घास हातातच राहायचा, म्हणून मी विचारले तेव्हा हे कळले. तिचे वडील म्हणतात, फोन काढून घ्या, सगळे पुसून टाका. मुख्याध्यापकांच्या मते ही शाळेबाहेरची बाब आहे. तक्रार केली तर गावभर बोभाटा होईल, याची धास्ती वाटते. काय करावे?
– एक आई, मंगळवार पेठ

उत्तर : ताई, तो थांबलेला घास तुमच्या नजरेतून सुटला नाही, म्हणून मुलगी बोलू शकली. आता फोन काढून घेतला, तर खरे सांगितल्याची शिक्षा आपल्यालाच झाली असे तिला वाटेल आणि पुढच्या वेळी ती गप्प राहील. धमकावणाऱ्याचा सगळा भरवसा मुलांच्या याच भीतीवर असतो. तिची चूक नाही, हे तिच्या वडिलांच्या तोंडून तिच्या कानावर पडले पाहिजे.

काहीही पुसू नका. संभाषणाचे, त्या खात्याच्या नावाचे आणि तारीख-वेळेचे स्क्रीनशॉट घेऊन मगच ते खाते ब्लॉक करा. त्याला उत्तर देऊ नका, पैसे मागितल्यास देऊ नका. ते चित्र मात्र पुरावा म्हणूनसुद्धा नातेवाइकांना किंवा शिक्षकांना पाठवू नका, कारण बालकाचे असे चित्र पुढे पाठवणे हाच गुन्हा आहे. पोलिसांना ते त्याच फोनवर दाखवावे.

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यात, मुलाचे खरे अथवा बनावट चित्र प्रसारित करण्याची धमकी देणे हा लैंगिक छळ मानला आहे आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बोभाट्याची धास्ती मी समजू शकते, पण हा कायदा करणाऱ्यांनीही ती ध्यानात घेतली होती. मुलीचे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसारमाध्यमांना छापता येत नाही. जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. जवळच्या पोलीस ठाण्यात जा. तिथे जाण्याचे धैर्य होत नसेल तर १०९८ या बाल हेल्पलाइनवर बोला किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. दिवस मात्र घालवू नका, कारण त्या खात्यामागची माहिती कंपनीकडून लवकर मागवणेच हिताचे असते.

मुख्याध्यापकांचे उत्तर मला अजिबात पटलेले नाही. मुलीशी ओळख काढली ती शाळेच्या नावावर, फोटो युनिफॉर्ममधला आणि धमकी वर्गाची, मग ही बाब शाळेबाहेरची कशी? शिवाय असा गुन्हा कळल्यावर तो पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे ही कळलेल्या प्रत्येकाची जबाबदारी असून, ती टाळल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. मार्च २०२२ च्या शासन निर्णयानुसार प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेकडे लक्ष देणारी समिती, असायला हवी. या समितीपुढे विषय ठेवावा, असा अर्ज द्या आणि पोहोच घ्या. तोंडी बोलणे तिथेच विरते. व्हरांड्यात कॅमेरे बसवले की मुले सुरक्षित झाली, असा समज अनेक शाळांत दिसतो. पण फोनवरून आत येणारा माणूस त्या कॅमेऱ्यात कधीच सापडत नाही.

समितीकडे आणखी एक मागणी करा. मुलीचे नाव न घेता वर्गशिक्षिकेने सर्व वर्गांत सांगावे की, कोणाचेही असे चित्र आले तर ते पुढे न पाठवता थेट त्यांना सांगायचे. ते चित्र वर्गात पोहोचलेच, तर त्या दिवशी मुलीला घरी बसवू नका. तिची तयारी असेल, तर तिच्या वडिलांनी तिला फाटकापर्यंत सोडायला जावे.