सीडी रिप केली, पण ती बिनचूक उतरली का? वाचकांचे प्रश्न

‘ॲक्युरेटरिप’ला माझी फाइल बरोबर आहे हे कळतं कसं? गाणी तिकडे जातात का?

गाणी कुठेही जात नाहीत. ‘ॲक्युरेटरिप’ हा लोकांनी रिप केलेल्या, म्हणजे संगणकात फाइल म्हणून उतरवलेल्या, सीडींच्या चेकसमचा ऑनलाइन डेटाबेस आहे. तुमचाच संगणक प्रत्येक ट्रॅकचा ३२ बिटचा चेकसम (ट्रॅकमधल्या डेटावरून काढलेला, डेटा बदलला की बदलणारा आकडा) काढतो. कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो यावरून डिस्क ओळखली जाते आणि तीच सीडी रिप केलेल्या इतरांच्या चेकसमशी तुमचा ताडून पाहिला जातो.

ही उठाठेव का? डेटा सीडीच्या सेक्टरमध्ये (सीडीवरच्या एका छोट्या तुकड्यात) २३५२ पैकी २०४८ बाइटच माहितीचे असतात, उरलेल्या जागेत चूक दुरुस्त करण्याची जादा सोय असते. ऑडिओ सीडीत सगळे २३५२ बाइट संगीताचेच. ओरखडा मोठा असेल तर ड्राइव्ह अंदाजपंचे सॅम्पल (आवाजाची मोजमापं) भरून गप्प बसतो. तोच ड्राइव्ह दुसऱ्यांदाही तीच चूक करू शकतो, म्हणून घरच्या घरी दोनदा रिप करून जुळवणं ही कच्चीच खात्री.

कॉन्फिडन्स फक्त २ आला. मित्राच्या सीडीला २०० आहे.

कॉन्फिडन्स म्हणजे तुमचा चेकसम इतर किती जणांच्या रिपशी जुळला तो आकडा. दोन भरपूर झाले. वेगळा माणूस, वेगळा ड्राइव्ह, वेगळे ओरखडे, आणि तरी चुकीचा आकडा योगायोगाने जुळायचा म्हणजे ढोबळ मानाने ४२९ कोटींत एक. २०० चा अर्थ एवढाच की तो अल्बम भरपूर खपला. मात्र छापतानाच सदोष निघालेली सीडीही बिनचूक म्हणून जुळेल, हे लक्षात असू द्या.

ड्राइव्ह बदलला आणि एकही ट्रॅक जुळेना!

सगळेच ट्रॅक एकदम बिघडले तर ओरखड्यांना दोष देऊ नका, आधी ऑफसेट बघा, म्हणजे ड्राइव्ह किती सॅम्पल मागेपुढे वाचतो तो आकडा. प्रत्येक मॉडेल थोडं मागेपुढे वाचायला लागतं. +६, +६६७ हे नेहमी दिसणारे आकडे. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल धरले तर ६६७ म्हणजे १५ मिलिसेकंद. कानाला पत्ता लागत नाही, चेकसम मात्र पार बदलतो. डेटाबेसमध्ये असलेली एखादी लोकप्रिय सीडी घाला, ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ किंवा ‘डीबीपॉवरॲम्प’ हे रिप करणारं सॉफ्टवेअर ऑफसेट आपणहून शोधतं.

नाट्यसंगीताच्या जुन्या सीडीची नोंदच नाही. शिवाय एक ट्रॅक अडखळतो.

नोंद नसणं म्हणजे रिप वाईट, असं मुळीच नाही. कमी खपलेल्या सीडींचं हे व्हायचंच. दोन वेगळ्या ड्राइव्हवर रिप करून चेकसम जुळवा. अडखळणारा ट्रॅक हलक्या हाताने, मधून कडेकडे पुसून पुन्हा वाचून पाहा. नोंद असती तर ‘क्यूटूल्स’ या रिप तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस कामी आला असता: तिथे चेकसमसोबत रीड-सॉलोमन पद्धतीची दुरुस्तीची माहितीही असते, आणि नुकसान मर्यादित असेल तर तिच्यावरून तुमच्याच फाइलमधले बिघडलेले सॅम्पल बरोबर करून मिळतात. त्यासाठी अख्खी सीडी रिप केलेली हवी, एक-दोन आवडती गाणी नाही.

जुन्या रिप आता तपासता येतील? सीडी कुणाला तरी देऊन टाकल्या.

फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या फाइलमध्ये) पूर्ण अल्बम असेल तर ‘क्यूटूल्स’मध्ये येतील. एमपी३ असतील तर नाही.