पहिल्या वर्षाच्या ज्युनियरला

अभिनंदन! 2019 पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम क्षमताधारित झालाय, त्यामुळे नुसत्या पाठांतरावर भागत नाही, हाताने करून दाखवावं लागतं. अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजी सगळेच वाचतात, त्याबद्दल वेगळं सांगत नाही.

फॅमिली अ‍ॅडॉप्शन, म्हणजे गावातली काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या तब्येतीकडे लक्ष ठेवणं, मात्र सहीपुरतं उरकू नकोस. माझ्या मते नव्या अभ्यासक्रमातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच. ही कुटुंबं पहिल्या वर्षापासून तुझ्याकडे असतात. बीपी घ्यायच्या आधी आजींना पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसू दे. पाय जमिनीला टेकलेले, हात हृदयाच्या पातळीवर, बीपी मशीनचा कफ (पट्टा) उघड्या दंडावर. पोलक्याच्या बाहीवरून बांधलास तर आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. मोजताना गप्पाही नकोत.

'गोळ्या वेळेवर घेता ना?' असं विचारलंस तर त्या हो म्हणणारच. त्यापेक्षा 'गोळ्यांचं पाकीट दाखवता का?' म्हण. किती गोळ्या उरल्यात ते बघ, आणि का उरल्यात ते न रागावता विचार. एटकॉमच्या (वृत्ती, नैतिकता आणि संवाद या विषयाच्या) तासाला संवादाबद्दल जे शिकवतात, ते इथेच कामी येतं. ते तास बुडवू नकोस, प्लीज.

आणि लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामांची नोंदवही, त्याच दिवशी भर. परीक्षेच्या तोंडावर सह्यांसाठी फार पळापळ होते.