मुलाच्या डोळ्याला बॉल लागला, लाली गेली. तरी पडदा तपासायचा का?

तुम्ही विचारलंय की आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यावर टेनिस बॉल बसून दहा दिवस झालेत, लाली गेलीय, "दिसतंय" म्हणतोय, मग डोळ्याचा आतला पडदा (रेटिना) दाखवायची गरज आहे का. आहे. ह्याच आठवड्यात दाखवा.

मी डॉक्टर नाही, बाप आहे. माझा पोरगा नऊ वर्षांचा असताना गांधी मैदानात चार-पाच फुटांवरनं त्याच्या डाव्या डोळ्यावर फुटबॉल बसला. कोल्हापुरात पोराला फुटबॉल लागला ही काय बातमी नव्हे. आईनं पदराचा बोळा केला, फुंकून गरम केला आणि डोळा शेकला. (मायेनं केलं, पण मार लागलेल्या डोळ्यावर दाब द्यायचा नसतो, हे मला नंतर कळलं.) जवळच्या दवाखान्यात टॉर्च मारून बघितलं, थेंब दिले, "काही नाही" म्हणाले. चार दिवसांत डोळा पांढराशुभ्र.

सात आठवड्यांनी रात्री लाईट गेली होती. अंधारात पोरगा म्हणाला, "पप्पा, कडेला कोणतरी मोबाईलचा फ्लॅश मारल्यागत होतंय." गृहपाठ टाळायला नाटक करतोय असंच मला वाटलं. दुसऱ्या दिवशी शाळेत जातानाही तेच म्हणाला, तेव्हा पडद्याच्या डॉक्टरांकडे नेलं. नजर ६/६, म्हणजे अगदी नॉर्मल होती. पण थेंब टाकून बाहुली मोठी केल्यावर दिसलं की खालच्या बाहेरच्या कडेला पडदा मुळापासून उसवलाय.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. बॉल बसला की डोळा क्षणभर पुढून-मागून चेपतो आणि मध्ये फुगतो. पडद्याची कड आतल्या जेलला घट्ट चिकटलेली असते, ती तिथंच ताणून फाटते. वय वाढेल तसं हे जेल पातळ होतं आणि फटीतून पाणी पडद्यामागे लवकर शिरतं. पोरांचं जेल दाट, तेच फट दाबून धरतं. म्हणून पडदा सुटायला आठवडे, कधी महिने लागतात आणि मधला भाग सुटेपर्यंत पोराला काही जाणवत नाही. शिवाय दुसरा डोळा काम भागवतोच. त्यामुळं घरी एक डोळा झाकून कॅलेंडरचे आकडे वाचून घ्या जरूर, पण त्यातनं फक्त मधली नजर कळते, कड नाही.

दरवेळी फाटतंच असं नाही. बऱ्याचदा पडद्याला नुसती सूज येऊन तो पांढुरका दिसतो. बर्लिन नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८७३ मध्ये हे लिहून ठेवलंय. ती सूज बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप उतरते. मार मधोमध असेल तर मात्र नजरेला कायमचा डाग राहू शकतो.

तपासणीला अर्धा दिवस धरा. थेंब झोंबतात, बाहुली मोठी व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो, नंतर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही. टोपी न्या. पडद्याची कड चारी बाजूंनी बघा असं स्पष्ट सांगा, आणि पुन्हा कधी यायचं ते विचारून तारीख लिहून घ्या. आत्ता काही दिसलं नाही तरी ती दुसरी खेप चुकवू नका. डोळ्याचं प्रेशरही मोजून घ्या, कारण अशा मारानंतर काचबिंदू वर्षांनीही येतो.

बुबुळाच्या खालच्या भागात रक्ताचा थर दिसला, दोन्ही बाहुल्या सारख्या नसल्या, एकाचे दोन दिसू लागले, वर बघताना दुखून उलटी झाली किंवा कडेनं काळी सावली सरकली, तर त्याच दिवशी पळा. तपासणी होईपर्यंत डोळा चोळू द्यायचा नाही, दूध-तूप घालायचं नाही, मैदान बंद.

आमच्या पोराला भूल देऊन फटीभोवती लेसर केला. पडदा फारसा सुटला नव्हता म्हणून तेवढ्यावर भागलं, नाहीतर डोळ्याला बाहेरून पट्टा बसवायचं ऑपरेशन होतं. आता तो बाराचा आहे. फुटबॉल खेळतो, पण खेळाचा जाड चष्मा लावून. पेठेतली पोरं त्याला "वेल्डर" म्हणतात.