कौतुक केलं तर मावशी ढिल्या पडतील का?

‘आईला केअर सेंटरमध्ये ठेवलंय. तिथल्या मावशींशी गोड वागलं तर त्या गृहीत धरतात आणि चार शब्द सुनावले तर राग आईवर निघेल अशी भीती वाटते. आम्ही वागायचं तरी कसं?’ ज्यांच्या घरचं वृद्ध माणूस अशा ठिकाणी आहे, त्यांच्यापैकी बरेच जण मला हे कधी ना कधी विचारतात. एका गृहस्थांचा अनुभव सांगते, त्यात या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे. ते कोण हे कळू नये इतके तपशील बदलले आहेत आणि त्यांना विचारूनच लिहिते आहे.

गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. आई ८४ वर्षांच्या, उभी हयात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात गेली. स्मृतिभ्रंश वाढला तशा त्या रात्री-अपरात्री दार उघडून रस्त्यावर जायला लागल्या, गॅस चालू राहू लागला. त्यातच सूनबाईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. शेवटी पुण्यातल्या एका केअर सेंटरमध्ये आईंना ठेवावं लागलं. पुढे एका लग्नात नातेवाइकांपैकी कुणीतरी चारचौघांत विचारलं, “आईला टाकलंत म्हणे?”

माझ्याकडे ते आले ते एक वही घेऊन. तारीख, वेळ, चूक असे रकाने आखलेले. ‘५.५०. बेल वाजवली, कोणी आलं नाही.’ ‘६.०५. आई रडत होती, मावशी दुसऱ्या खोलीत.’ ‘साडी नाही, गाऊन.’ ‘पाण्याचा पेला हाताला येत नाही.’ पानंच्या पानं भरलेली. “मॅडम, एवढंच सांगा, हे मॅनेजरांपुढे कसं मांडू?”

मी वही नीट वाचली. जवळजवळ प्रत्येक नोंद संध्याकाळी साडेपाच ते सातच्या मधली होती, कारण ते रोज त्याच वेळेला जात. स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांना दिवस कलायला लागला की अस्वस्थ वाटू लागतं. ‘घरी जायचंय’ म्हणून उठतात, रडतात, चिडतात, हात उगारतात. डॉक्टर याला ‘सनडाउनिंग’ म्हणतात. म्हणजे एकाच मजल्यावरची पाच-सहा माणसं एकाच वेळी बिथरलेली असतात, त्याच सुमारास औषधं द्यायची असतात, जेवण भरवायला घ्यायचं असतं आणि रात्रपाळीला चार्ट समजावून द्यायचा असतो. दिवसातला सगळ्यांत अवघड तास यांनी निवडला होता आणि त्यावरून चोवीस तासांचा हिशेब मांडला होता.

अर्थात वही नुसत्या वेळेमुळे भरत नव्हती. पॉलीन बॉस या अमेरिकन कुटुंबतज्ज्ञांनी १९७०च्या दशकापासून एका वेगळ्या दुःखाचा अभ्यास केला आहे: माणूस डोळ्यांसमोर आहे, पण आपलं माणूस म्हणून हरवलेलं आहे. या दुःखाला ना सुतक असतं ना दिवस. कोणी भेटायला येत नाही, कोणी डोळे पुसत नाही. उलट ‘टाकलंत म्हणे’ असं ऐकावं लागतं. मग मन एखादा दोषी शोधतं, आणि हाताशी सापडते ती आईचा डायपर बदलणारी बाई. मी हे त्यांना जवळपास याच शब्दांत सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आई माझ्या हातून घास घेत नाही. त्यांच्या हातून घेते.”

खरं दुखणं ते होतं. आई मुलाला ‘साहेब’ म्हणायच्या आणि दिवसपाळीच्या मावशींना ‘अक्का’.

मी त्यांना वही बंद करा असं सांगितलं नाही. फक्त एकदा इन्चार्ज सिस्टरची परवानगी काढून सकाळी सहाला जा आणि दहापर्यंत थांबा, मध्ये बोलू नका, एवढंच सुचवलं. त्या सकाळचं त्यांनी जे सांगितलं ते मी इथे सविस्तर देते, कारण आपल्यापैकी फार थोड्यांनी हे काम डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

बारा माणसांना दोन मावशी. आधी सगळ्यांचे डायपर बदलायचे. एकीनं कुशीवर धरायचं, दुसरीनं पुसायचं, कोरडं करायचं, कातडी लाल झाली आहे का ते पाहायचं, मलम लावायचं. ज्यांना स्वतःला हलता येत नाही त्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर माकडहाडापाशी, टाचेला जखम होते. आणि ती एकदा झाली की महिनोन् महिने भरत नाही. कवळ्या धुवायच्या, तोंड आतून कापसानं स्वच्छ करायचं. एका आजोबांना नळीनं फीड होतं. त्याआधी कॉट उंच करायची आणि नंतरही तसंच बसवून ठेवायचं, कारण अन्न श्वासनलिकेत गेलं तर जिवावर बेततं. आणि हे सगळं करताना बोलत राहायचं. “आजोबा, आता पाणी गार लागेल हं. आज्जी, हात वर.” माणूस ऐकतंय की नाही याची खात्री नसताना.

त्यांच्या आईंच्या स्पंजिंगच्या वेळी आईंनी मावशींना दोन फटके मारले, बोचकारलं आणि या गृहस्थांनी जन्मात आईच्या तोंडून न ऐकलेली शिवी दिली. मावशींच्या मनगटावर जुने ओरखडेही होते. ते लाजेनं पुढे झाले, तर मावशी म्हणाल्या, “राहू द्या दादा, त्या भिल्यात. कपडे काढले की कुणीबी भिणारच.”

गोळीला आई तोंड उघडेनात. मावशी सरळ उभ्या राहिल्या, हात बाजूला घेतले आणि म्हणाल्या, “हजर, बाई!” आईंचा चेहरा बदलला. त्यांनी मान डोलावली, पुढचं नाव घेतलं, दुसऱ्या मावशींनीही “हजर” म्हटलं आणि गोळी पोटात गेली. ही युक्ती कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेली नव्हती. आई झोपेत हजेरी घेतात हे मावशींनी ऐकलं होतं आणि त्यातून त्यांना ती सुचली होती.

निघताना मावशींनी त्यांना आणखी एक सांगितलं. “बाई रोज संध्याकाळी पिशवी भरतात. शाळा सुटली म्हणतात, धाकटा घरी एकटाच आहे, दूध प्यायला नसेल. म्हणून रडतात त्या.” तो धाकटा म्हणजे हेच. वहीत ‘६.०५. आई रडत होती’ असं लिहिणारे.

हे मला सांगताना त्यांना रडू आवरलं नाही. मीही त्यांना आवरू दिलं नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. कौतुक केलं की माणसं ढिली पडतात, हा समज आपल्याकडे शाळेपासून कारखान्यापर्यंत पसरलेला आहे. माझा अनुभव उलटा आहे, पण एका अटीवर: कौतुक नेमकं असलं पाहिजे. ‘छान करता हं तुम्ही सगळे’ हे वाक्य हवेत विरतं. ‘आईच्या टाचेवरचा लालपणा तुम्ही वेळेत पाहिलात, म्हणून जखम टळली’ हे वाक्य ती बाई घरी जाऊन सांगते. १२ मेला, परिचारिका दिनाला, सिस्टरांना गुलाब मिळतात आणि मिळायलाच हवेत, पण मावशी आणि मामा त्या दिवशीही बाजूला उभे असतात. या गृहस्थांनी पत्र लिहिलं, मावशींचं पूर्ण नाव घालून, त्यांनी नेमकं काय केलं ते लिहून, सेंटरच्या लेटरबॉक्समध्ये न टाकता इन्चार्जच्या हातात दिलं आणि एक प्रत मावशींना दिली. यातल्या अनेक जणी ब्यूरोमार्फत येतात, आज इथे तर उद्या दुसरीकडे. असा कागद पुढच्या कामाला उपयोगी पडतो.

पैशांबद्दल सगळेच चाचरत विचारतात. हे गृहस्थही रात्रपाळीच्या एकीच्या हातात गुपचूप शंभराची नोट ठेवत. करू नका. बहुतेक ठिकाणी नियमात बसत नाही, त्या बाईची नोकरी अडचणीत येते, आणि ज्या कुटुंबाला जमत नाही त्यांच्या आजीकडे दुर्लक्ष होईल की काय, ही शंका तुम्हीच पेरता. दिवाळीत द्यायचं तर ऑफिसमार्फत सगळ्यांना द्या, त्यात भांडी घासणारी आणि कपडे धुणारीही धरा.

आणि तक्रार? तीही करायची. त्यांच्या वहीतली एक नोंद खरोखर गंभीर होती: आईंच्या माकडहाडाजवळ लालसर डाग. चौकशी केली तेव्हा कळलं, रात्री पूर्ण मजल्याला एकच बाई. दोन तासांनी कूस बदलायला एकटीचे हात पुरणार कसे? तिच्यावर ओरडून काहीच झालं नसतं. त्यांनी इतर कुटुंबांना गाठलं आणि रात्री दुसरं माणूस द्या, त्यासाठी महिन्याचे पैसे थोडे वाढले तरी चालतील, असं लेखी दिलं. काहींनी सही करायला नकार दिला. “एवढे भरतो तेच खूप झाले,” म्हणाले. तरीही व्यवस्थापनानं काही आठवड्यांनी रात्रीसाठी आणखी एक मावशी घेतल्या. मिठाईच्या डब्यापेक्षा या सहीला मी कितीतरी मोठं कौतुक मानते. ज्या कामाला माणसं कमी आणि पगार तुटपुंजा, त्याला नुसतं ‘सेवा’ म्हणून हात जोडणं मला पटत नाही.

मात्र मारहाण, बांधून ठेवणं, उपाशी ठेवणं, कारण न सांगता गुंगीचं औषध देणं असं काही आढळलं तर तिथे समजूतदारपणा दाखवू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा, फोटो काढा, लेखी तक्रार द्या. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. चांगलं काम करणाऱ्या मावशींनाही असा सहकारी नकोच असतो.

कर्मचाऱ्यांच्या बैठका घेते तेव्हा एक गोष्ट हमखास निघते, ती कुटुंबांना माहीतच नसते. वर्ष-दोन वर्षं जिला भरवलं, ती आजी जाते. मुलं येतात, सामान नेतात, दुसऱ्या दिवशी त्या कॉटवर नवीन माणूस. केनेथ डोका या अभ्यासकांनी १९८९ मध्ये अशा शोकाबद्दल लिहिलं, ज्याचा हक्क समाज मान्यच करत नाही. मावशींचा शोक तसलाच. एक मामा मला म्हणाले होते, “आम्हाला कुणी कळवतच नाही, कुठं नेलं, कधी नेलं. आम्ही बेडशीट बदलतो.” म्हणून मी प्रत्येक कुटुंबाला सांगते: तुमच्या माणसाचं काही झालं तर ज्यांनी त्यांचं केलं त्यांना अंत्यदर्शनाची वेळ कळवा, शेवटच्या दिवसांत काय झालं ते त्यांच्याकडून ऐका, आणि दिवस झाले की एकदा जाऊन त्यांच्यापाशी बसा.

ते गृहस्थ आता आठवड्यातून तीनदा सकाळी जातात. वही अजून आहे. परवाची तक्रार कपड्यांची होती, आईंची साडी दुसऱ्याच कुणाच्या कपाटात सापडली. ती त्यांनी ऑफिसात नोंदवली. संध्याकाळी गेलेच तर आईंसमोर बसून सांगतात, “बाई, धाकट्यानं दूध प्यायलंय, शेजारच्या काकूंकडे खेळतोय.” हे वाक्य त्यांना मावशींनी शिकवलं. कधी लागू पडतं, कधी नाही. सेंटरच्या फॉर्ममध्ये ‘तातडीच्या वेळी कोणाला कळवावे’ असा रकाना असतो. त्यात स्वतःच्या आणि बहिणीच्या नंबराखाली त्यांनी, विचारून, मावशींचा नंबर लिहिला आहे आणि इन्चार्जना बजावलं आहे, “त्या सुट्टीवर गावी असल्या तरी कळवा.”